अकरा गोळ्या आन् एक जेवण

चौथ्यांदा पडली तवा हळद कुकरात हुती.

हळद शिजवायचा कुकर एकदा बांधावर आला की माणसानं तितनं हालायचं नसतंय. ड्रमातनं वाफ सुटली की घड्याळ न्हाई बघायचं, वास बघायचा. कच्ची ऱ्हायली तर वाळत न्हाई, जास्ती शिजली तर रंग जातोय. सात म्हयनं रानात वाढवलेली हळद त्या अर्ध्या तासात नासती. आन् बघायला हुतो आमी दोन म्हातारं. एक मी, सन्मती. वय त्र्याहत्तर, गुडघं दोनी गेल्यालं. दुसरा जालिंदर. त्यो माधवनगरच्या गिरणीत हुता, गिरणी बंद पडल्यावर परत गावाला आला, तवापासनं आमचं रान त्याचंच रान. गेल्या साली साखरंपायी त्याची डाव्या पायाची दोन बोटं काढली. तरी येतोय. घमेलं पालथं घालून त्यावर बसतोय आन् मला हुकूम सोडतोय.

“सन्मा, वाफ कमी कर गड्या. भाजी न्हाई शिजवायली.”

“तूच यी की हिकडं.”

“आलो असतो, पर बोटं घरी इसरलोय.”

असं आमचं चालल्यालं. तवर फोन वाजला. सून हुती, स्वप्नाली.

“आण्णा, घरला या. आई परत पडल्या.”

जालिंदर म्हणला, “जा तू. मी बघतो.” मी म्हणलं, “तुला उठाय येत न्हाई, काय बघतोस?” त्यो म्हणला, “नाक तर हाय न्हवं? जा.”

रान ते घर अर्धा कोस. माझ्या पायाला ते आता दीड कोस झालंय. घरी आलो तर चंपाबाई न्हाणीच्या दारात आडवी. लुगडं भिजल्यालं, कपाळावर घाम डबडबल्याला, अंग गार. डोळं उघडं, पर माणूस त्यात न्हाई. स्वप्नाली मूठभर साखर घिऊन तिच्या तोंडापाशी बसल्याली, साखर सगळी हनुवटीवरनं खाली.

“दातखीळ बसलीय ओ आण्णा. तोंडच उघडंनात.”

पोरगा श्रेणिक कुपवाडला कंपनीत, पाळीवर गेल्याला. मग काय, एका बाजूनं सून, एका बाजूनं मी. काखंत हात घातलं. माणूस शुद्धीत असला की हलका असतोय, बेशुद्ध झाला की ओल्या पोत्यागत हुतोय. उचलताना माझ्या कमरंत खालच्या अंगाला कायतरी कट करून तुटल्यागत झालं. डोळ्यापुढं काजवं आलं. पर सून समोर हुती. बोललो न्हाई.

गावातला डॉक्टर आला, सलाईन लावलं. अर्ध्या तासात बाईनं डोळं फिरवलं आन् पयलं काय इचारावं?

“हळद उतरली का?”

डॉक्टर म्हणला, “अशक्तपणा हाय. मोठ्या डॉक्टरला दाखवा.”

दाखवा म्हणत्यात. आमी दाखवतच हुतो की. तिला साखर हाय बारा वर्सं. दाब हाय त्याच्याबी आधीपासनं. दिवाळीच्या आधी छातीत दुखलं, तर हृदयात एक नळी बसवली. मूत्रपिंड निम्मं काम करतंय म्हणत्यात, ते निराळंच. साखरंचा डॉक्टर सांगलीला, हृदयाचा मिरजंला, मूत्रपिंडाचा तितंच पर दुसऱ्या गल्लीला, गुडघ्यांसाठी हाडाचा, त्यो आठवड्यातनं एकदा गावात येतोय. एकाचं तोंड दुसऱ्यानं बघितल्यालं न्हाई. एकाच बाईच्या अंगात चौघं राबत्यात, पर बांध घातल्यागत. ह्यानं त्याच्या रानात पाय टाकायचा न्हाई.

दोन दिसांनी मिरजंला हृदयवाल्याकडं गेलो. पाव्हण्याची गाडी मागून घेतली. तिथं पयलं खिडकीवरच्या मुलीनं इचारलं, “आजोबा, फाईल?” मी पिशवी दिली. पिशवी हळदीच्या बेण्याची हुती, तिच्यावर हळकुंडाचं चित्र. मुलगी हासली. मग वजन. मग दाब. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर अडीच तास. चंपाबाईला लघवीला लागली. बायकांचं आत हुतं लांब, मला आत जाऊ दीनात. मी दाराशी उभा ऱ्हायलो तर एक बाई म्हणली, “आजोबा, इथं काय करताय? सरका.” काय सांगायचं तिला? आत माझी बायको हाय, ती वाकली की उठत न्हाई, म्हणून हाय उभा.

डॉक्टर चांगला हुता माणूस, पर घाईत. त्यानं दाबाचा आकडा बघितला.

“वाढलाय. गोळ्या वेळेवर घेता का?”

चंपाबाईच्या आधी मीच बोललो. “साहेब, एकबी चुकवत न्हाई. माझी चुकतीया, तिची न्हाई चुकत.”

खरं तेच सांगितलं मी. आन् त्या खऱ्यावर डॉक्टरनं आनखी एक गोळी लिवली. आधी धा हुत्या, अकरा झाल्या.

घरी हळद पसरल्याली. शिजवून झाली की खळ्यावर वाळत घालायची, पंधरा दिवस. दिवसातनं दोनदा दाताळ्यानं हलवायची, सांजचं गोळा करून वर ताडपत्री. त्या साली माघातच आभाळ यायला लागल्यालं. थेंब पडला तर हळकुंडावर डाग, आन् डाग पडला की व्यापारी हातात घिऊन खाली टाकतोय. म्हणून आभाळ आलं की घरात जी माणसं असत्याल ती सगळी खळ्यावर. स्वप्नाली आमच्या धाकट्या नातीला, ब्राह्मीला, शाळंत सोडून यायची, जेवणं करायची, खळं बघायची, सासूला बघायची. वाळून काटकी झाल्ती पोरगी.

एकदा दाताळं ठेवून म्हणली, “आण्णा, राग न्हाई ना येणार? हळदीच्या दिसांतच कशा काय पडत्यात ओ आई?”

मी तिच्याकडं बघितलं. ती खाली बघाय लागली. तिचं बोलणं मला लागलं, पर खरं सांगू, माझ्याबी मनात एकदा येऊन गेल्तं. दमल्यालं माणूस कुणाबद्दल बी कायबी इचार करतंय.

चंपाबाई तितंच सोप्यात बसल्याली, हळकुंडाची मुळं चोळत. तिला ऐकू गेलं का न्हाई, कळलं न्हाई. तिनं नुसतं घमेलं जवळ ओढलं.

जालिंदरची सून पिंकी आमच्या गावात आशाताई हाय. घरोघरी फिरती, म्हाताऱ्यांचा दाब बघती. वही हातात आन् चप्पल सदा तुटकी. ती आली खळ्यावर, चंपाबाईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, मग मला बाजूला घेतलं.

“आण्णा, आजी कवा कवा पडल्या? तारखा सांगा.”

“तारखा कुठं ध्यानात ऱ्हात्यात गं पोरी?”

“आठवा. निवांत. मी काय पळून जात न्हाई.”

ती गेली. मी दाताळं ओढाय लागलो आन् आठवाय लागलो. तारीख न्हाईच आठवत. मला दिवस आठवतोय त्यो ताटावरनं. पयल्यांदा पडली त्या दिवशी दुपारी मी जेवाय बसल्तो, ताटात हुती उसळ. मेथी रानात इतकी झाल्ती आन् ताटात मटकीची उसळ, म्हणून मी कुरकुरल्तो. दुसऱ्यांदा पडली, तवा वरण-भात. तिसऱ्यांदा पिठलं. आन् परवा कुकर आल्ता तवा, डब्यात काय हुतं? जालिंदर म्हणला हुता, “काय रं, आज परत पिठलं? तुमच्या रानात भाजी मेलीया का?”

दाताळं हातातच ऱ्हायलं.

आमच्या जैनात आष्टमीला आन् चौदसीला हिरवी भाजी शिजत न्हाई. आमी बाकीची एवढंच पाळतो. चंपाबाई त्याच्या म्होरं जाती. ती त्या दिवशी एकाशन करती. एकदाच बसायचं, एकदाच जेवायचं, पाणीबी त्याच बैठकीला. उठली की उठली. मग दुसऱ्या दिवशी उजाडंपतूर तोंडात कायबी न्हाई. एकेचाळीस वर्सं झाली. बाहुबलीला एका महाराजांपुढं हात जोडून नेम घेतल्याला. श्रेणिक पोटात हुता तवाबी मोडला न्हाई.

चारी वेळा तीच आष्टमी, तीच चौदस.

उपासानं चक्कर आली म्हणावं, तर चाळीस वर्सं कधी आली नव्हती. मग आता काय झालं? ते माझ्या टक्कुऱ्यात शिरंना. मी कुणाला बोललो न्हाई. म्हणलं, म्होरली चौदस कवा हाय ते बघू. ती हुती शिवरातीलाच.

शिवरातीला सगळा गाव शाबू खात हुता. जालिंदर खळ्यावर आला. म्हणला, “मी महादेवाचा न्हाई, पर खिचडीचा हाय. मिळंल का?” त्याला वाटी दिली, दाताळं त्याच्या हातात दिलं आन् मी मधल्या दारात जाऊन बसलो. चंपाबाई जेवाय बसल्याली. दोन भाकरी, वरण, भात, ताक. सावकाश जेवली. एकदाच जेवायचं म्हणल्यावर माणूस घास मोजून खातंय. ताट बाजूला सारलं आन् तिनं गोळ्यांचा डबा घेतला.

त्या डब्याला तीन कप्पं हैत. सकाळ, दुपार, रात. स्वप्नालीनं आणल्याला, कप्प्यावर सूर्य, चांद काढल्यालं, वाचता न्हाई आलं तरी कळावं म्हणून. चंपाबाईनं सूर्याचा कप्पा तळहातावर पालथा केला. मग दुपारचा. मग चांदाचा. तळहात भरला. पांढऱ्या, गुलाबी, एक हिरवी लांबडी. तोंडाकडं न्ह्यायला लागली.

मी उठलो कसा मला ठावं न्हाई. तिचं मनगाट धरलं. गोळ्या उडाल्या, दोन चुलीम्होरं गेल्या.

“आवं! येड लागलं का काय तुमास्नी?”

“सगळ्या? एकदम?”

“मग कवा घिऊ?”

“आगं, रातच्या राती घ्यायच्या!”

“रातचं मी पाणी पिती का?” म्हणली. “आन् जेवल्यावर घ्यायच्या म्हणूनच सांगितल्यात. जेवण एकदाच, मग गोळ्याबी एकदाच. आज एक वेळ जेवली म्हणून अर्ध्या टाकून दिऊ? चारी डॉक्टरांनी बजावून सांगितलंय, एकबी चुकवायची न्हाई म्हणून. मी एकबी चुकवल्याली न्हाई.”

ती म्हणत हुती ते सगळं खरंच हुतं. मी तरी मिरजंच्या डॉक्टरला काय सांगितलं? तेच.

“आन् सून साखर घालत हुती तोंडात तवा दातखीळ बसल्याली, ती?”

ती चुलीम्होरं वाकून गोळी शोधाय लागली.

“चंपे, ती दातखीळ हुती का तू दात आवळल्तंस?”

“मला ऐकाय येत हुतं सगळं,” ती म्हणली. “हात उचलत नव्हता. एवढंच हातात हुतं माझ्या.”

मी तितंच भुईवर बसलो. बाई मरणाच्या दारात पडल्याली, जीव जायचा तर जाऊ द्या, पर साखरंचा दाणा आत जाऊ द्यायचा न्हाई. आन् आमी बसलोय तोंडात साखर कोंबत. स्वप्नाली दारात उभी हुती. कवा आल्ती काय ठावं. तिच्या डोळ्याला धार लागल्याली. पदरानं तोंड पुसून ती आत आली आन् चुलीम्होरची गोळी उचलून सासूच्या हातात न देता, डब्यात टाकली.

त्या दिवशी रातचा कप्पा मी माझ्या बंडीच्या खिशात घातला. सांजचं बाई जरा पिवळी पडली, पर उभी ऱ्हायली. ताडपत्री घालायला आली. मला दुसरं काय सांगायला नको हुतं.

पर गोष्ट तितं मिटत न्हाई. नऊ दिसांनी फाल्गुनातली आष्टमी, तितनं पुनवंपतूर अष्टान्हिकाचं पर्व. आठ दिवस. ह्या आठी दिवस चंपाबाईचं एकाशन असतंय, दरसाली. एका दिवसाच्या एकाशनानं ती न्हाणीच्या दारात पडती. आठ दिवस एकाम्होरं एक म्हणल्यावर आठव्या दिवशी मला बायको उरती का न्हाई, हे सांगायला डॉक्टर लागत न्हाई.

पिंकीला सगळं सांगितलं. ती वही मिटून नुसती कपाळाला हात लावून बसली. मग म्हणली, “घरात जेवढ्या चिठ्ठ्या हैत तेवढ्या सगळ्या घ्या. गोळ्याबी घ्या. रिकाम्या पाकिटासकट.”

आरोग्य केंद्रात नवी डॉक्टरीण आल्याली. तरणी पोर, लातूरकडची. पिंकीनं बेण्याची पिशवी तिच्या टेबलावर पालथी केली. तिनं पेन ठेवलं आन् एकेक चिठ्ठी सरळ करत बसली. बाहेर माणसं खोकत हुती, तिनं बघितलं न्हाई. लय येळानं दोन पाकिटं शेजारी ठेवली.

“ही दोन्ही एकच आहेत. नाव वेगळं, औषध एकच, दाबाचं. एक मिरजेचं, एक सांगलीचं.”

“म्हंजी दुप्पट?” मी म्हणलं.

“रोज दुप्पट. आणि उपासाच्या दिवशी तेही एकदम, साखरेच्या सगळ्या गोळ्यांबरोबर.” मग ती माझ्याकडं न बघता चंपाबाईकडं वळली. “आजी, तुम्ही किती वाजता जेवता? रोज. सांगा मला.”

चंपाबाई आधी माझ्याकडं बघाय लागली. बारा वर्सांत तिला ह्यो सवाल कुणी केला नव्हता. मग तिनं सांगितलं. सकाळी पूजा झाल्यावर, आन् सांजचं दिवस बुडायच्या आत, थंडीत साडेपाचला. त्याच्याम्होरं पाणीबी न्हाई. पोरगी लिवून घेत गेली. मिरजंला, सांगलीला, दोनीकडं तिनं फोन लावलं, आमाला बाहेर बसवून. तासाभरानं आत बोलवलं. अकराच्या सहा झाल्या. रातची एकबी न्हाई, सगळ्या दिवस बुडायच्या आत.

“आता एकाशनाचं. खरं सांगू आजी? धरूच नका. तुमची किडनी त्याला तयार नाही.”

“एकेचाळीस वर्सं—”

“हो. सांगितलं मला पिंकीताईंनी.” तिनं पेन परत उचललं. “आठ दिवस ओळीनं मी हो म्हणणार नाही. पण तुम्ही ऐकणार नाही, हे दिसतंय मला. मग निदान एवढं तरी. त्या दिवशी साखरेची एकच गोळी, जेवणाबरोबर. दाबाची सकाळचीच, तीही जेवणाबरोबर. घाम आला, हात थरथरला तर साखर खायची, लगेच. आणि पाणी. दुपारी एकदा, चारला एकदा, साडेपाचला एकदा. पाण्याशिवाय नाही म्हणजे नाही. रोज पिंकीताई येऊन बघतील. आकडा बिघडला तर उपास त्याच दिवशी बंद.”

चंपाबाईनं मान हालवली. पन्नास वर्सांचा संसार हाय, मला तिच्या माना कळत्यात. ती मान व्हय म्हणायची नव्हती, उठायची हुती.

रिक्षात बसल्यावर म्हणली, “गोळ्यांचं कळलं. पाणी न्हाई जमायचं.”

“आगं नुसतं पाणी!”

“पाणी पिऊन एकाशन करायला मी काय ल्हान पोर हाय?”

मी बस्तीत, आमच्या देवळात, गेलो, पंडिताला इचारलं. त्यो भला माणूस, म्हणला, “आजाऱ्याला उकळल्याल्या पाण्याची सूट असती आण्णा. खुशाल पिऊ द्या.” मी तडक घरला. तिला सांगितलं. ती भांडी इसळत हुती, हात न थांबवता म्हणली, “सूट नेम घेताना मागायची असती. मी मागितली नव्हती. तवा मी अठ्ठावीस वर्सांची हुती. दोन पाट्या हळद डोक्यावर घिऊन चालत हुती. मला काय ठावं असं हुईल म्हणून?”

“मग आता माग.”

“कुणाकडं? ते महाराज गेलं समाधीला.”

श्रेणिक पाळीवरनं आला, आईवर आरडला. ती गप. स्वप्नाली पाया पडली. ती गप. जालिंदरनं पायताण काढून दाखवलं, “वयनी, बघा ह्यो पाय. मलाबी वाटल्तं काय हुत न्हाई.” ती त्याला ताक देऊन गप. माणूस भांडला की त्याच्याशी भांडता येतंय. गप बसल्याल्या माणसाचं काय करायचं?

आष्टमी उजाडली. ऊन सकाळपासनंच पेटल्यालं. बस्तीतनं घंटा ऐकू येत हुती. बायका आल्या-गेल्या. पिंकी सकाळीच आकडा बघून गेली. बाराला चंपाबाई जेवली, सांगितल्याल्या तेवढ्याच गोळ्या घेतल्या, पाणी पिऊन उठली. संपलं तिचं. स्वप्नाली ब्राह्मीला आणाय गेली आन् चंपाबाई माझ्यामागनं खळ्यावर आली. मी म्हणलं घरात पड. म्हणली, घरात पडून काय करू, छताचं वासं मोजू?

हळद वाळत आल्ती. पायाखाली दगडागत वाजत हुती. ती एका कडंला बसून बारकी हळकुंडं निवडाय लागली, मी दाताळं ओढत हुतो. दोनला मी घरनं तांब्या आणला उकळून निववल्याल्या पाण्याचा, तिच्या शेजारी ठेवला. तिनं तांब्याकडं बघितलंबी न्हाई.

चारच्या सुमाराला तिचं ओठ पांढरं पडलं. जीभ फिरवायची तर जिभंलाबी ओल न्हाई. आभाळ आलं पश्चिमेकडनं. ती ताडपत्री धराय उठली. उठली आन् हाल्ली, वाऱ्यावर शाळू हालतोय तसं. मी दाताळं टाकलं आन् तिला धराय गेलो. धरली. पर धरायची ताकद आन् उभं ऱ्हायची ताकद मिळून एकच उरल्याली. दोगंबी हळदीच्या ढिगावर बसलो, आपटून. तिला कायबी झालं न्हाई. माझ्या कमरंत मातूर परत त्यो कट झाला, ह्या बारीला मोठ्यानं. पाय न्हाईत असं वाटाय लागलं. तोंडातनं आवाज आला, मला लाज वाटावी असला.

“काय झालं?” ती म्हणली. “आवं, काय झालं?”

“काय न्हाई. बस.”

“उठा की मग.”

“उठता यीना.”

मग तिनं माझ्या कमरंवर हात ठेवला, बंडीच्या खाली. तितं सुजल्यालं हुतं.

“ह्ये कवाचं?”

मी सांगणार नव्हतो. पर दम सरला हुता. माणसाचा दम सरला की खोटंबी सरतंय.

“न्हाणीतनं तुला उचलली तवाचं,” मी म्हणलं. “त्याच्या आधीच्या बारीलाबी दुखल्तं. रातचं कूस बदलता येत न्हाई मला. सकाळी उठताना खाटंचा पाय धरून उठतोय, तू बस्तीत गेलीस की. तुला कळू दिलं न्हाई.”

“सांगायचं न्हाई व्हय?”

“सांगून काय? पाचवा डॉक्टर बघायचा?”

तिच्या नाकातनं जरासं हासू आलं, आन् तितंच थांबलं.

“चंपे, मी तुझा नेम मोड म्हणत न्हाई. म्हणायचं ते सगळ्यांनी म्हणून झालंय. मी माझं सांगतो. आता तू पडलीस तर मला उचलाय यायचं न्हाई. श्रेणिक कंपनीत असतोय, सून शाळंत गेल्याली असती. तू तितं न्हाणीत पडशील, आन् मी तुझ्या शेजारी बसून ऱ्हाईन. ऱ्हाईन बसून, सोडून जाणार न्हाई. पर उचलाय यायचं न्हाई मला.”

आभाळ हळूहळू डोक्यावर आलं. ताडपत्री अर्धी उघडी, निम्मी हळद उघड्यावर. जालिंदर वढ्याच्या काठानं लंगडत येताना दिसला, हात हालवत, काय तरी आरडत. त्याला पोचायला येळ हुता.

तिनं बस्तीच्या दिशंला तोंड केलं, हात जोडलं, ओठ हाललं. काय म्हणली ते मी इचारलं न्हाई, अजूनबी न्हाई. मग हात लांब करून तांब्या घेतला. दोनी हातांनी धरला. पयला घोट तोंडात धरून बसली, बराच येळ. मला वाटलं थुकती. मग गिळला. गिळताना डोळं मिटलं, काढ्यावानी. मग दुसरा. मग तांब्या उचलून सगळाच, घटाघटा, गळ्यावरनं पाणी ओघळत छातीपतूर गेलं.

तांब्या पालथा करून हळदीवर ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

“उद्या मोठा तांब्या आणा,” म्हणली. “ह्यात काय हुतंय.”